चिंधी बांधलेलं वांगं

अन्याय झाला तो भागीरथी नावाच्या बाईवर, माझ्या सख्ख्या आत्यावर. तो झाला माघी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळची पहिली एस.टी. टोकावड्यावरून घाटाकडे निघून गेल्यावर आणि आमच्या पाड्यातली गुरं रानात सुटण्याआधी. तेवढ्या वेळात तिच्या तीन वाफ्यांतली वांग्याची सगळी रोपं मुळासकट उपटून ओहोळाच्या काठावर उन्हात फेकली गेली. पहिली मूठ मी उपटली. ज्यांनी मला पत्रक लिहायला शिकवलं ते सांगायचे, पहिल्या ओळीत कोणावर, कधी आणि कोणी हे आलं पाहिजे, रडणंबिडणं मागाहून. म्हणून ते आधी लिहून मोकळी झाले. साल मात्र मला विचारू नका. ज्यांना साल लागतं त्यांनी योजनेचे कागद शोधावेत. त्या कागदांत या सकाळीला 'रोगट रोपांचा नायनाट' असं नाव आहे आणि खाली आमच्याच लोकांचे अंगठे आहेत.

आमचा पाडा सिद्धगडाच्या अंगाला, डांबरी रस्त्यापासून आत. घर कुडाचं, पडवी लांब, मागच्या बाजूला उतारावर ओहोळ. भागीआत्या विशीतच नवरा गमावून भावाच्या घरी परत आली ती कायमची. ती घरात सगळ्यांशी भांडायची. बाबांशी, आईशी, कोंबड्यांशी, रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमातल्या माणसाशीसुद्धा. तो म्हणायचा, 'शेतकरी बंधूंनो,' की ही चुलीपुढून ओरडायची, "नि बहिनी काय मेल्या?" बाबा तिच्याहून धाकटे आणि तिला घाबरून असायचे. तांदळाच्या भाकरीबरोबर सुकट घालून केलेलं तिचं वांगं खाताना मात्र घरात कोणी कोणाशी बोलत नसे. ते वांगं मुठीएवढं, हिरवट पांढरं, देठाकडं जांभळ्या रेघा, आणि देठाला असे काटे की निवडताना आईच्या बोटांतून रक्त यायचं. शिजलं की लोण्यासारखं. जिभेवर आधी गोड लागायचं, मग मागून किंचित कडसर. मी पुढं पुष्कळ ठिकाणी वांगं खाल्लं. त्याला वांगं म्हणायची माझी तयारी नाही.

त्या घरातला मला सर्वांत आठवणारा आवाज म्हणजे करवंटीतून पडणाऱ्या पाण्याचा. आत्याने एका करवंटीला तापलेल्या तारेनं बारीक भोकं पाडली होती. पहाट झाली की ओहोळाकाठी ती हंड्यात करवंटी बुडवायची आणि वाफ्यावर धरायची. ते पाणी इतकं हलकं पडायचं की त्याचा आवाज यायचा कसा, याचंच मला नवल वाटे. वाफे तिने राबासारखे भाजून घेतलेले असत. आधी पाला, त्यावर शेण, त्यावर पेंढ्याचा चुरा, आणि वाऱ्याच्या उलट दिशेनं आग. भाताच्या रोपांच्या वाफ्याला, म्हणजे राबाला, भाजतात तसंच, फक्त लहान. त्यानं तणाचं बी मरतं आणि किडीची अंडीही. वर राख आपोआप मिळते. पौषी पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेहून आलं की दुसऱ्या दिवशी ती पहिला वाफा पेरायची. दहा दिवसांनी दुसरा. माघी पौर्णिमा आली की तिच्या अलीकडे तिसरा. एकदम तिन्ही का नाही पेरत, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "एकाच दिवशी तिन्ही पोरींची लग्नं लावतं का कोन? पहिल्याला धुकं खाईल, दुसऱ्याला मुंग्या नेतील, तिसरा तरी उभा राहील."

आणि वाटप. ते बघण्यासारखं होतं, आणि आज आठवलं तरी माझी मान खाली जाते. रोपं बोटभर झाली की बायका सागाची पानं घेऊन आमच्या अंगणात यायच्या, ओली रोपं गुंडाळून न्यायला. कोणाला किती द्यायची हे आत्या ठरवायची, आणि जमीन किती आहे हे ती कधी विचारत नसे. शेजारच्या काशीकाकूचं आणि तिचं दरवर्षी ठरलेलं. एका आधीच्या सालचं सांगते.

"भागे, औंदा मला दोनशे दे गो."

"हंडा उचलनारी मान्सं किती हायत घरात?"

"मी नि सून."

"सून सातव्या म्हयन्यात. म्हंजे तू एकली. साठ ने."

"अगो, शंभर तरी दे! माझं शेत काय वाटीएवढं हाय?"

"शेत पानी वाहातं का? साठ जगव, मग बोल. शंभर मारशील नि माझ्याच दारात रडायला येशील."

काशीकाकू शिव्या देत साठ न्यायची आणि साठच्या साठ जगवायची. ओहोळाच्या डोहात एक काळा दगड होता, बसलेल्या म्हशीसारखा. म्हैस पाठीपर्यंत बुडालेली असेल तोवर रोपं लावायची. तिचं पोट उघडं पडलं की लावणी बंद, मग कोणी कितीही हात जोडो. उन्हाळ्याचं पाणी किती पुरेल ते त्या दगडाला कळायचं आणि दगडाचं म्हणणं आत्याला. पुढं मी नियोजन या विषयावर तासन् तास भाषणं ऐकली, फळ्यावर काढलेली चित्रं पाहिली. हंडा उचलणारे हात किती, हा प्रश्न त्यांत एकदाही आला नाही.

रोपांच्या बदल्यात दोन गोष्टी करायच्या. पावसाळ्यात भाताच्या आवणीला एक दिवस आमच्या खाचरात यायचं, आणि एक फळ तोडायचं नाही. सर्वांत धडधाकट झाडावरचं, दुसऱ्या बहरातलं एक वांगं हेरून त्याच्या देठाला चिंधी बांधायची, म्हणजे पोरं तोडणार नाहीत. चैत्र-वैशाखात आमच्या शिवारातून चाललात तर प्रत्येक घराच्या वांगीत, म्हणजे वांग्याच्या तुकड्यात, एकेक चिंधी फडफडताना दिसायची. लाल, निळी, कुणाच्या फाटक्या बंडीची, कुणाच्या परकराची. ते फळ झाडावरच हळदीसारखं पिवळं व्हायचं. अक्षय्यतृतीया झाली की बायका ते आत्याच्या ओटीत आणून टाकायच्या. ती ते पाण्यात कुस्करायची, तरंगेल ते बी फेकायची, बुडेल ते राखेत घोळवून वाळवायची आणि पुरचुंडीत बांधून चुलीवरच्या धुरात टांगायची. सगळ्या घरांचं बी एकत्र. म्हणजे तिचा वाफा हा एकटीचा नव्हताच. लग्न होऊन सासरी निघालेल्या मुलीच्या पदरालाही ती चिमूटभर बी बांधायची. मात्र ओंजळभर आलेलं बी ती पुढच्या साली सगळंच्या सगळं पेरून टाकायची, मागं एक दाणा ठेवायची नाही. "बी घरात म्हातारं होऊ देऊ नये," म्हणायची. "म्हाताऱ्या बियाला म्हातारीच मान्सं उगवतात." आम्ही हसायचो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण त्यातूनच घात झाला.

मी तेव्हा मुरबाडला बारावीपर्यंत शिकून पाड्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेत गेले होते. शहापूरच्या एका छापखान्यात आमची पत्रकं छापली जायची आणि ती मी लिहायचे. शाईचा वास डोक्यात चढतो हे खरं आहे. स्वतःचं वाक्य काळ्या ठशात पाहिलं की माणसाला वाटू लागतं, आता हे घडणारच. त्या वर्षी आमची मागणी साधी होती. रस्त्याकडेच्या मोठ्या जमीनवाल्यांना उन्हाळी भाजीपाल्याची योजना मिळते, एका मोठ्या रोपवाटिकेतून तयार रोपं मिळतात, मग आमच्या पाड्यांना का नाही? आम्ही माणसं काय कमी आहोत? मोर्चा काढला. बायका भाकऱ्या बांधून आल्या, उन्हात बसल्या. आत्या आली नाही. मी तिला घरी येऊन ऐकवलं, "आत्या, हा तुमच्याच हक्काचा प्रश्न हाय."

"माझी रोपं माझ्या मागं उभी हायत," ती म्हणाली. "मी दुसऱ्याच्या दारात रोपं मागायला कशाला जाऊ?"

आम्ही जिंकलो. योजना मंजूर झाली. ती राबवणारी संस्था बाहेरची, तिचे एक साहेब जीपमधून आले. साहेब वाईट बोलणारे असते तर बरं झालं असतं. आमच्यापैकी कोणीतरी त्यांच्या तोंडावर उलट बोललं असतं. ते गोड बोलायचे. शाळेच्या पडवीत त्यांनी आम्हाला बसवलं आणि अट सांगितली. रोपं रोपवाटिकेतलीच लावायची. घरच्या रोपांतून रोग पसरतो. पाड्यात एकाही घरात घरची रोपं दिसली, तर अख्ख्या पाड्याचं नाव यादीतून जाईल. नवी रोपं आठ दिवसांत येतील. मी ते ऐकून घेतलं आणि त्या दुपारीच नवं पत्रक लिहिलं. 'घरची रोपे टाका, हक्काची रोपे मागा!' ही ओळ माझी. कोणी सांगितली नाही, कोणी सुधारली नाही. ठळक ठशात छापून आणली आणि घरोघर वाटली.

मंगळवारी साहेब वाफे बघायला आले. सगळा पाडा ओहोळाकाठी जमला होता. पहिल्या वाफ्यातली रोपं लावायला आली होती, आणखी दोन दिवसांनी बायका सागाची पानं घेऊन येणार होत्या. दुसऱ्यात चार-चार पानं. तिसरा नुकता उगवलेला, दोन-दोन पानांचा. आत्या बांधावर बसली होती, करवंटी मांडीवर.

साहेब म्हणाले, "आजी, ही रोपं रोगट आहेत."

"कुठं हाय रोग? दाव बरं."

"तो डोळ्यांना दिसत नाही."

"मग तुला कसा दिसला रे?"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुमच्या माणसांना तुम्हीच समजवा." ताई! तुमची माणसं! मला तेव्हा काय वाटलं ते लिहिते, कारण लपवून उपयोग नाही. माझी छाती फुगली. बाबा खाली मान घालून म्हणाले, "भागे, पाड्याचं नाव जाईल गो." काशीकाकू म्हणाली, "एका सालाचा तर परश्न हाय. फुकट मिलतंय तर घेऊ या की." आत्याने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे.

"तू लिवलंस ना कागदावर? मग तूच उपट. पन त्याआधी त्या सायबाला एक इचार. बियाचं फळ कोनाकडं द्यायचं?"

मी विचारलं. खरंच विचारलं, सगळ्यांसमक्ष, शुद्ध भाषेत विचारलं की, या रोपांचं बियाचं फळ कोणाकडे द्यायचं? साहेबांनी हसून आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आजी, बियांची काळजी आता तुम्ही नका करू. ती आम्ही करू." सगळ्यांना ते उत्तर वाटलं. मलाही वाटलं. मी वाफ्यात वाकले आणि पहिली मूठ उपटली. ओल्या राखेतून रोप ओढताना मुळं तुटल्याचा बारीकसा आवाज येतो. पुढच्या मुठी इतरांनी उपटल्या. तिसऱ्या वाफ्यात उपटण्यासारखं काही नव्हतं, तो पायांनीच तुडवला. तोवर गुरं सुटली होती, त्यांनी काठावरची रोपं हुंगून सोडून दिली.

आठ दिवसांत येणारी रोपं धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी टेम्पोतून आली. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये, सगळी एका उंचीची, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखी. डोहातली म्हैस तोवर पोटापर्यंत उघडी पडली होती. आत्या पडवीतून एवढंच म्हणाली, "म्हशीचं पोट बगा." कोणी गेलं नाही बघायला. यादी माझ्या हातात होती आणि यादीत प्रत्येक घराला दोनशे. समान वाटप! त्यासाठी तर मोर्चा काढला होता. काशीकाकूच्या सुनेचं दुसरं बाळ महिन्याचं, तिलाही दोनशे. बाळूकाका वारल्यापासून घरी एकटी त्याची आंधळी बायको, तिलाही दोनशे. मी टिकमार्क करत गेले. त्यानंतरचा महिनाभर आमच्या बायका सूर्य उगवायच्या आधीपासून हंडे वाहत होत्या, ओहोळ संपला तर पार खालच्या विहिरीपर्यंत. काशीकाकूची कंबर धरली ती कायमची. अर्ध्याहून जास्त रोपं तरीही वाळली. संस्थेच्या अहवालात त्याचं कारण लिहिलं होतं: 'लाभार्थ्यांनी पुरेशी देखभाल केली नाही.' मी ते वाक्य स्वतः वाचलं आहे. त्याच्याइतकं नीच वाक्य मी आयुष्यात दुसरं वाचलेलं नाही, आणि मी पुष्कळ नीच वाक्यं वाचली आहेत.

पण जी जगली त्यांना फळं धरली, आणि काय फळं! मोठी, काळीजांभळी, तेल लावल्यासारखी चकचकीत. कल्याणचा व्यापारी ती बघून खूश झाला. आत्यानं एक शिजवून पाहिलं आणि म्हणाली, "पानी हाय नुसतं." पण तिचं कोण ऐकतं? आणि मग आमच्या लोकांनी ते केलं जे या जगात फक्त आमचेच लोक करतील. कोणी सांगितलं नव्हतं, योजनेत लिहिलं नव्हतं. प्रत्येक घरानं आपल्या वांगीतलं सर्वांत थोराड, सर्वांत सुंदर फळ हेरलं आणि त्याला चिंधी बांधली. व्यापारी ते फळ मागत होता तरी दिलं नाही. ते झाडावर पिकवलं आणि त्या साली उशिरा, पावसाच्या तोंडावर, पण नेहमीसारखंच आत्याच्या ओटीत आणून टाकलं. ज्या बाईचे वाफे यांनी उपटले होते तिच्याच ओटीत, इमानदारीनं. आत्यानं फळं कुस्करली. बी कमी निघालं, त्यातलंही बरंच तरंगलं. तिनं तरंगणारं बी चिमटीत धरून दाबून पाहिलं. पण दारात आलेलं फळ परत पाठवायचं नाही, हीही रीतच. पुरचुंडी बांधली, धुरात टांगली. दुसरं बी तिच्याकडे नव्हतं. होतं ते सगळं त्या मंगळवारी ओहोळाकाठी वाळून गेलं होतं.

पुढच्या साली योजना आमच्याकडे आली नाही. ती दुसऱ्या पाड्यांना गेली. आत्यानं म्हशाच्या जत्रेनंतर पहिला वाफा पेरला, मग दुसरा, मग तिसरा. हंडा उचलणारे हात मोजून रोपं वाटली. पाडा खूश होता. आता ती मोठी काळी वांगी पुन्हा येणार, आणि तीही भागीच्या हातची. चैत्रात फळं धरली. एका झाडाला लांबट, शेजारच्याला गोटीएवढी. एक पांढरं, एक कडू जहर, एकाला नुसता पाला, फळच नाही. एकाच वाफ्यातली रोपं, एकाच पाण्यावर वाढलेली, आणि एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही. एका दुपारी काशीकाकू कंबरेवर हात ठेवून, वाकून चालत आमच्या अंगणात आली आणि तिनं टोपलीभर ती वांगी आत्यापुढं ओतली.

"बग. बग गो भागे, काय दिलंस ते. वरीसभराची भाजी गेली माझी."

आत्या एकेक वांगं उचलून बघत राहिली.

"तुझा हात गेला," काशीकाकू म्हणाली.

आमच्याकडे या तीन शब्दांच्या पुढं काही नसतं. सुईणीचा हात जातो, पेरणाऱ्याचा हात जातो, आणि एकदा गेला की गेला. चार दिवसांत ते सगळ्या पाड्यात झालं. उपटलेल्या रोपांचा शाप लागला म्हणून हात गेला, असंही बायका बोलू लागल्या. म्हणजे उपटली आम्ही आणि शाप तिला. जिच्याशी भांडल्याशिवाय कोणाचा उन्हाळा सुरू होत नव्हता, तिच्या अंगणात त्यानंतर कोणी सागाचं पान घेऊन आलं नाही. आत्यानं चुलीवरची पुरचुंडीची चिंधी सोडवली, धुतली, घडी केली आणि बाबांच्या सदऱ्याला ठिगळ लावलं. करवंटी कोंबड्यांच्या पाण्याला ठेवली.

मी मुरबाडला जाऊन साहेबांना गाठलं. त्यांनी चहा मागवला. मी सगळं सांगितलं, चिंध्यांपासून. ते आधी हसले आणि मग समजावून सांगू लागले, "अहो ताई, संकरित वाणाचं बी धरत नाहीत. पुढच्या पिढीत ते फुटतं, एका झाडासारखं दुसरं येत नाही. हे कोणालाही माहीत असतं."

"आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत."

विचारलं होतं! ओहोळाच्या काठी, सगळ्या पाड्यासमोर, एका निरक्षर बाईनं नेमका तोच प्रश्न विचारला होता, आणि मी तो माझ्या तोंडानं त्यांच्यापर्यंत पोचवला होता. हे मी त्यांना सांगितलं. त्यांना आठवत नव्हतं. आजवर माझ्याशी जेवढे लोक खोटं बोलले त्यांचा मला इतका राग येत नाही, जेवढा त्या माणसाच्या खरोखर न आठवण्याचा येतो.

आता माझं. परत येताना माझ्याजवळ ती एक गोष्ट होती जी आत्याचा हात तिला परत देऊ शकली असती. पाड्याच्या मध्ये उभं राहून एवढंच ओरडायचं होतं की, हात गेला नाही, बीच तसं होतं. मी ओरडले नाही. त्याच आठवड्यात संघटनेचं नवं पत्रक निघणार होतं, योजना उरलेल्या पाड्यांनाही द्या म्हणून, आणि तेही मीच लिहिलं होतं. संघटनेतले वडीलधारे म्हणाले, "सुमन, आत्ता हे काढू नकोस, मागणी कमजोर होईल. पुढच्या वर्षी बघू." मी ऐकलं. लोक म्हणतात तरुणपणी माणूस भाबडा असतो. मी भाबडी नव्हते. मला सगळं कळत होतं आणि मी गप्प बसले, कारण पत्रकाखाली माझं नाव होतं. साहेब विसरले. मी विसरले नाही आणि तरी बोलले नाही. दोघांत जास्त वाईट कोण हे ठरवायला मला कोणाची मदत नको.

आत्याला मी सांगितलं ते खूप वर्षांनी. ती पडवीत खाटेवर होती, पाय सुजलेले. मी तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. संकरित बी, दुसरी पिढी, साहेबांचा चहा, माझं गप्प बसणं. तिनं पूर्ण ऐकलं. मला वाटलं होतं रडेल, किंवा निदान शिवी तरी देईल.

"मला काय सांगतंस?" ती म्हणाली. "मला माझा हात ठाव हाय. जाऊन त्या काशीला सांग."

काशीकाकू त्याच्या आदल्या पावसाळ्यात गेली होती. आत्याला ते माहीत होतं. तिच्या मयताला आत्या स्वतः काठी टेकत गेली होती. नंतर त्या थंडीत आत्याही गेली, आणि तिच्या दिवसांना जेवायला बसलेल्या पंगतीत मी माझ्या कानांनी ऐकलं, "वांगी भागीचीच खावी. पन शेवटी हात गेला बिचारीचा."

हल्ली शहरातले लोक गाड्या घेऊन आमच्याकडे येतात. गावरान वांगं मिळेल का विचारतात, मातीच्या ताटलीत खातात, फोटो काढतात. देशी वाणांवर बोलायला मलाही बोलावतात, हार घालतात. मी हार काढून टेबलावर ठेवते आणि सांगते की ते वांगं मी मारलं. लोकांना वाटतं ही बोलायची पद्धत आहे. टाळ्या वाजवतात. गेल्या वर्षी आटगावला जाऊन आले. आमच्या पाड्यातली एक मुलगी तिकडे दिली होती, तिच्या पदराला आत्यानं बी बांधलेलं मला आठवत होतं. तिनं मला ओळखलं, रडली, चहा केला. बी? परसाच्या जागी मुलानं गाळे काढलेत. पण निघताना ती म्हणाली की, तिनं त्यातली रोपं नणंदेला दिली होती, नणंदेनं जावेला, आणि जाऊ कुठं गेली ते तिला ठाऊक नाही. त्या एका वाक्यावर मी आज जगते आहे.

म्हणून हे प्रकरण वाचून हळहळू नका. मला तुमची हळहळ नको आणि माझ्यासाठी क्षमाही मी मागत नाही. तुमची आई, सासू, मावशी, काकू शहापूर-मुरबाडच्या अंगची असेल, तर तिच्याकडे जा आणि विचारा: मुठीएवढं, हिरवट पांढरं, देठाकडं जांभळ्या रेघा, देठाला रक्त काढणारे काटे, शिजलं की आधी गोड मग कडसर, असं वांगं तिच्या परसात अजून आहे का? कोणाच्या परसात आहे ते तिला ठाऊक आहे का? ती म्हातारी असेल तर आजच विचारा. आणि मिळालं, तर सगळं खाऊ नका. सर्वांत धडधाकट झाडावरचं एक फळ हेरा, घरातली कसलीही चिंधी फाडून त्याच्या देठाला बांधा, ते हळदीसारखं पिवळं होऊ द्या, आणि आमच्या पाड्यात घेऊन या. वाफा मी भाजून ठेवते. सगळी फळं एका तोंडाची आली की मी त्यांच्या बियाची रोपं सागाच्या पानात गुंडाळून दारोदार फिरणार आहे, आणि काशीकाकूच्या सुनेच्या दारात सर्वांत आधी जाऊन सांगणार आहे की माझ्या आत्याचा हात गेला नव्हता. फळ आणा.